वेलदोड्यासाठी हीटर

जळगावात हीटर मागायला जाणं म्हणजे स्वतःहून हसं करून घेणं. इथे उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो. दुकानदार कूलरवर पोट भरतात आणि हिवाळ्यात त्याच कूलरवर प्लास्टिक टाकून माश्या मारत बसतात. तरी डिसेंबरातल्या एका दुपारी माझे सासरे, लीलाधर आबा, ताटावरून मान वर करून म्हणाले, "मयुरी, एक हीटर पाह्यजे. गच्चीवर."

माझं लाटणं थांबलं. हीटरचं नवल नव्हतं, आबा बोलले याचं होतं. चैत्रात माझ्या सासूबाई गेल्या, शेवंताबाई. तेव्हापासून हा माणूस 'हं' आणि 'नको' एवढ्यावर दिवस काढत होता. लोक दारावर बसायला आले, रडले, गेले. आबा प्रत्येकाला "पाणी घ्या" म्हणत राहिले. डोळ्यांतून टिपूस नाही. खरं सांगायचं तर माझंही तेच झालं होतं. बायका गळ्यात पडून रडायच्या आणि मी आपली चहाला दूध पुरेल का याचा विचार करायचे. आत काही हलतच नव्हतं.

आबांचा जन्म रावेरकडे केळीत गेला. गुडघे कुरकुरायला लागले तसं रान धाकट्या भावाकडे सोपवून दोघं जळगावातल्या पिंप्राळ्यात आमच्याकडे राहायला आले. आईंना मातीशिवाय करमेना. मग कुंदनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गच्चीवर लोखंडी अँगल उभे करून, वर प्लास्टिकचा कागद ताणून त्यांना एक खोपटं करून दिलं. मोरीपेक्षा थोडं मोठं. आई त्यात फर्न, अँथुरियम, काय काय जगवायच्या. केरळच्या सहलीहून येताना तर ओल्या फडक्यात गुंडाळून वेलदोड्याचा कोंब घेऊन आल्या.

"जळगावात वेलदोडा?" मी म्हटलं. "पुढच्या वर्षी सफरचंद लावा."

"तुह्या चहात टाकीन तवा बोलजो," आई म्हणाल्या.

चहात पडायची वेळ काही आली नाही. आई गेल्या आणि मे महिन्यात गच्चीवरचं सगळं वाळून कोळ झालं. वेलदोडा तेवढा वाचला, कारण आबांनी ती जड कुंडी उचलून खाली मोरीत आणून ठेवली होती. आम्ही तिला अडखळून अडखळून आंघोळी केल्या. पाऊस पडला तशी कुंडी परत वर गेली. आता थंडी आली होती आणि वेलदोड्याची पानं कडेने पिवळी पडायला लागली होती. त्या घरात आईंच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं होतं. ते गेलं तर आबांचं काय होईल, हा विचार मी पुढे जाऊ देत नव्हते.

स्कूटरवर मागे बसवून आबांना बाजारात नेलं. भाईदासभाऊंच्या दुकानात कूलरांच्या मागून तीन हीटर निघाले. एक लाल कांडीचा, एक पंख्याचा आणि एक तेलाचा, जाड पात्यांचा.

"पंख्याचा न्या," भाईदासभाऊ म्हणाले. "दहा मिनिटांत खोली गरम."

"कोरडी हवा तिले नही चालत," आबा म्हणाले.

"मग हा कांडीचा."

"चटका बसीन तिले."

भाईदासभाऊंचा आवाज एकदम मऊ झाला. "आजींची तब्येत नाजूक दिसते. झोपतात कुठे?"

"वर. गच्चीवर."

भाईदासभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की सून म्हणून माझी जागच्या जागी सालटी निघाली. मी तोंड उघडलं. सांगणारच होते, की अहो, झाड आहे ते. पण आबा त्या तेलाच्या हीटरवरून हात फिरवत होते, आणि 'ती कशी आहे' हे त्यांना कितीतरी दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. गच्चीवर सासू ठेवणारी सून म्हणून बदनामी झाली तर झाली.

"मग हाच घ्या," भाईदासभाऊ म्हणाले. "हळू तापतो, हवा सुकवत नाही. हवी तेवढी गरमी झाली की आपोआप बंद. फक्त पाणी उडू देऊ नका आणि लाइट गेली की बिनकामाचा."

त्या हीटरने कमाल केली. पिवळं पडणं थांबलं. मग बुडातून एक नवा कोंब वर आला, करंगळीएवढा. आबा संध्याकाळी कागद नीट लावायचे, हीटर चालू करायचे आणि खाली येऊन जेवताना म्हणायचे, "आज बरी आहे." कुंदन माझ्याकडे बघायचा, मी भाजी वाढायचे.

मग कडाक्याची थंडी पडली. रावेरहून काकांचा फोन आला, केळीवर चरका येतोय, रात्रभर धूर करतोय. गारठ्याने केळीची पानं करपायला लागली की तिकडे तेच करतात. बांधाबांधावर ओला पालापाचोळा पेटवायचा, धूर बागेवर पसरतो, बाग वाचते. आबांनी आयुष्यभर तेच केलेलं. आणि त्याच रात्री आमच्या कॉलनीतली लाइट गेली. आम्ही पांघरुणात होतो, कळलंही नाही.

सकाळी मी चहा घेऊन वर गेले. आबा नुसत्या बंडीवर, खोपटाच्या बाहेर बसले होते. आतमध्ये घमेल्यात गोवऱ्या आणि ओला पाला अजून धुमसत होता. कागदाला आतून काळं पाणी सुटलं होतं. उघड्या बागेतला धूर मोकळा फिरतो, इथे तो कोंडला होता. वेलदोड्याची सगळी पानं शिजवल्यासारखी कुंडीवर पडली होती. कोंबाला हात लावला तर तो हातात आला.

"केळीले चालते," आबा म्हणाले.

कुंदन म्हणाला, दुसरं रोप मागवू, ऑनलाइन मिळतं. आबा म्हणाले, नको. जेवण झाल्यावर त्यांनी हीटर पुसला, खोक्यात भरला आणि स्कूटरजवळ जाऊन उभे राहिले.

भाईदासभाऊंनी खोकं पाहिलं. "काय झालं आबा? आजींना मानवला नाही का?"

"ती गेली," आबा म्हणाले.

आठ महिन्यांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"अरेरे. केव्हा?"

"काल रातले."

मी त्यांना खोटं पाडलं नाही. भाईदासभाऊंनी गिऱ्हाइकाला बाजूला केलं, आबांना खुर्चीवर बसवलं आणि दारावर आलेला माणूस विचारतो तसं हळूच विचारलं, "काय झालं होतं?"

"थंडी वाजत होती तिले," आबा म्हणाले. "दवाखान्यात एसी होता. ती म्हणे, बंद करायले सांगा. म्या म्हटलं, त्यायले कशाले तरास, सोस जरासं." मग खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सोसलं तिनं. मंग बोललीच नही."

आणि आबा रडायला लागले. कूलरांच्या रांगेत, भर दुपारी, मोठ्याने. भाईदासभाऊंनी पाणी आणलं. मी तो ग्लास आबांच्या तोंडाशी धरला, पण त्यांना पिता येईना, आणि मग दिसेनासं झालं तेव्हा मला कळलं की मीही रडतेय.