शेवटची खूण

गवंड्याची पोर डॉक्टर झाली आणि पायाला भिंगरी लावल्यासारखी हिंडायची. वॉर्डात तिला वादळच म्हणत.

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी घाई नडली. एका म्हाताऱ्याला हात न लावताच तिनं कागदावर ‘पोट मऊ’ लिहून टाकलं. काल मऊ होतं, म्हणून आजही मऊ. त्याचं आतडं फुटलेलं. म्हातारा वाचला, पण तिला तीन महिने प्रोबेशन लागलं. तिनं तपासलेला प्रत्येक पेशंट मोठ्या मॅडम पुन्हा तपासणार आणि वहीत बरोबर-चूकची खूण करणार. चुका फार झाल्या की गाशा गुंडाळायचा.

फोनवर ती बापाजवळ रडली. बाप म्हणाला, चाळीस वर्षं भिंती बांधतोय, अजून दर थराला ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघतो. मला कुठं लाज वाटते?

मग वादळाची गोगलगाय झाली. सिस्टर चिडवायची, की पेशंट बरा होऊन घरी पोचेल, तरी बाईंचा हात पोटावरच. पण चुका घटत गेल्या.

शेवटच्या आठवड्यात बाप स्वतःच आला. भूक मेली होती. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं होती. खाटेवर आडवा होत म्हणाला, घे, फुकटचा पेशंट.

तिनं सावकाश पोट चाचपलं. उजव्या बरगडीखाली चार बोटं लिव्हर आलेलं. दगडासारखं, कडेला गाठी. तिनं पुन्हा चाचपलं. मग वहीत जसं लागलं तसं लिहिलं आणि मॅडमना बोलावलं.

अकरा आठवडे ती चूकच्या खुणेला भीत आली होती. आज ती मॅडमच्या पेनाकडं बघत तीच मागत होती.

मॅडमनी बराच वेळ हात ठेवला. वही घेतली, खूण केली आणि तिला पडद्याबाहेर नेऊन हळू म्हणाल्या, “बरोबर आहे गं. सगळं बरोबर आहे.”

आत बाप शर्टाची बटणं लावत होता.

“काय म्हणाल्या? चुकलीस का?”

“नाही, आबा.”

“मग तोंड का पाडलंस?” असं म्हणून शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्यानं मोठ्यानं सांगितलं, “आमची पोर पास झाली.”

तिनं खाली बसून त्याच्या चपला सरळ केल्या.