कापलेल्या पाठीचा रांचू

काल बडा गणपतीच्या देवळाजवळच्या शोभेच्या माशांच्या दुकानात माशांच्या दाण्याचा उग्र वास नाकात गेला आणि डोळ्यांपुढे माझी सुमन आली. दुखण्यातून उठलेली, काचेच्या टाकीला नाक लावून बसलेली बायको. रांचू नावाच्या महागड्या जातीचा गोल्डफिश तिने याच दुकानातून आणला होता. "काकीजी, पीठ पे पर नहीं, मतलब असली रांचू," हाच दुकानदार भिया म्हणाला होता. थोड्याच दिवसांत माशाच्या पाठीवर पांढरी बुरशी चढली आणि तो मेला. सुमन स्वतःचे तळवे बघत म्हणाली, "माझ्याच हातात काही खोट आहे हो." तेच मनात घेऊन ती गेली.

काल मी या हरामखोराला कात्री चालवताना पाहिलं. डोक्यावर रांचूसारखाच गोंडा असलेल्या ओरांडा या स्वस्त जातीच्या माशाचा पाठीवरचा पर कापून तो रांचू बनवतो. बुरशी धरते ती त्याच जखमेवर.

आज सकाळपासून त्याच्या दारात स्टूल टाकून बसलोय. येईल त्याला सांगतो, खऱ्या रांचूची पाठ शेपटीपर्यंत गुळगुळीत असते, व्रण दिसला की समजा कापलेला ओरांडा.

"दादाजी, धंदा क्यों बिगाड़ रहे हो? जाने दो ना," तो हात जोडतो.

"जाऊ द्या" म्हणणारी आमच्या घरात एकच होती. ती आता नाही.