नवऱ्याच्या पाठीवरच्या किडन्या

प्रिन्सिपल मॅडम दार ढकलून लॅबमध्ये आल्या, तेव्हा माझा नवरा बनियन काढून स्टुलावर पाठमोरा बसला होता आणि तीन विद्यार्थिनी त्याच्या पाठीवर किडन्या रंगवत होत्या.

मी भिलाईच्या एका नर्सिंग कॉलेजात अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीराची रचना शिकवते. आदल्या आठवड्यात वर्गाला विचारलं, किडनी कुठे असते? निम्म्या मुलींनी बेंबीशेजारी हात ठेवला. व्याख्या मात्र घडाघडा. कुम्हारीहून बसने येणारी खिलेश्वरी तर या विषयात दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा नापास झाली असती, तर घरचे तिला कॉलेजातून काढणार होते.

म्हणून मी पोस्टर कलर आणले. आता जिवंत पाठ हवी होती. आमचे हे स्टील प्लांटमधून रिटायर होऊन घरी रिकामेच होते.

"कावून मलेच?"

"तुमच्या बरगड्या मोजता येतात."

पद्धत सोपी. आधी बोटांनी शेवटची बरगडी चाचपायची, मग कणा, मग रंग. किडनी अर्धी बरगड्यांच्या आड दडलेली असते. पुस्तकात हे वाचून कोणाच्याच लक्षात राहत नाही.

"ये क्या चल रहा है?" मॅडमनी विचारलं.

"प्रॅक्टिकल," मी म्हटलं.

"और ये कौन हैं?"

"मॉडेल," हे मान न वळवता म्हणाले. "लवकर आटपा बाप्पा, मले गुदगुल्या होऊन राहिल्या."

मॅडमनी पाठ निरखली. "एक किडनी नीचे आ गई. पोंछो, बराबर करो."

एकीने फडकं उचललं. आणि वर्गात कधी तोंड न उघडणारी खिलेश्वरी, हातात ब्रश तसाच, म्हणाली, "नहीं मॅडम. राइट वाली नीचे ही रहती है. उसके ऊपर लिवर बैठा है."

मी पंख्याकडे बघत राहिले. मॅडमनी पाठ पुन्हा एकदा निरखली. मग "दरवाजा बंद रखा करो," एवढंच बोलून गेल्या.

परीक्षेला बाहेरून एक गंभीर चेहऱ्याचे सर आले. त्यांनी खिलेश्वरीला किडनीची जागा विचारली.

"सर, जरा घूम जाइए."

सर गोंधळले, पण वळले. तिने कोटावरूनच त्यांची शेवटची बरगडी शोधली आणि दोन्ही जागा बोटाने दाखवल्या. उजवी किंचित खाली.

पास झाली. चांगल्या मार्कांनी.

तेव्हापासून मी अवयवाची व्याख्या विचारत नाही. आधी पत्ता विचारते.