मासे विकणाऱ्या घरातलं पथ्य

माझ्या भाचीच्या पाठीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरातले सगळे डॉक्टरांना एकच विचारत होते, ‘बरी होईल ना?’ मला त्या प्रश्नाचा उपयोग कळत नव्हता. कुठलाही डॉक्टर त्यावर ‘होईल’ असंच म्हणणार. मला हवं होतं ते वेगळं. अशा ऑपरेशननंतर बिघडतं ते नेमकं काय, आणि कोणाचं?

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय चौदा. मेहुण्यांची तोंडवलीला होडी आहे आणि बहीण कट्टा गावच्या बाजारात मासे विकते. मी त्यांच्यापासून जवळच पर्यटकांसाठी खोल्या आणि खानावळ चालवते. परक्या माणसांशी बोलायची सवय मला आहे, म्हणून दवाखान्यात मला नेत. बहीण बाजारात दहा गिऱ्हाइकांना पुरून उरते, पण डॉक्टरांसमोर तिच्या तोंडून ‘हो साहेब’ यापलीकडे काही निघत नाही.

एका गोष्टीसाठी मात्र तिने रडत रडत तोंड उघडलं. मुलगी लहानपणापासून माशांची टोपली कमरेवर घेऊन तिच्या मागे फिरायची, त्यानेच मणका वाकला असं तिच्या मनाने घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, टोपलीचा काही संबंध नाही. या वयातल्या मुलींमध्ये असा बाक येतो, बहुतेकदा कारण सापडत नाही. बहिणीला ते पटलं नाही, पण रडणं थांबलं.

मग मी माझा प्रश्न विचारला. घाटावरचं मोठं हॉस्पिटल, बाहेर बाकांवर गर्दी. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागले. बाक फार मोठा आणि ताठर असला तर ऑपरेशन लांबतं, रक्त जास्त जातं, धोका वाढतो. स्नायूंचा किंवा नसांचा मूळचाच आजार असलेल्या मुलांना त्रास जास्त होतो. आमच्या मुलीला तसा नव्हता. उंची वाढायची बरीच बाकी असेल, तर सळ्या घालून जोडलेल्या मणक्यांच्या खाली नवा बाक येऊ शकतो. अंगात रक्त कमी, वजन कमी, पाठीवर फोड, तोंडात किडलेला दात, यातलं काहीही असलं तर जखमेत जंतू शिरायला सोपं.

“म्हणजे यातलं काही हाडात आहे आणि काही आमच्या हातात,” मी म्हटलं.

“बरोबर. वजन तुमच्या हातात आहे. मुलगी फार बारीक आहे.”

किडलेला दात शाळेजवळच्या दंतवैद्याने काढला. वजन मी वाढवलं. रोज शाळेतून ती सरळ माझ्या खानावळीत यायची. मोरीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं मटण, तळलेली सुरमई, अंडी, नाचणीची भाकरी. पर्यटक बायका कौतुकाने विचारायच्या, ही कोण, तर ही म्हणायची, “गिऱ्हाईक. फुकट.” ऑपरेशनच्या आधी तिच्या गालांवर थोडं मांस दिसू लागलं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी तिला धरून उभी केली, आणि ती आईपेक्षा उंच दिसली. बहिणीने पहिल्यांदा हसून डॉक्टरांकडे बघितलं. घरी सोडताना त्यांनी सगळं समजावलं: वाकायचं नाही, पीळ द्यायचा नाही, वजन उचलायचं नाही, रोज चालायचं आणि खायला भरपूर द्यायचं. मासे, अंडी, डाळी. बहीण म्हणाली, “हो साहेब.”

मला वाटलं, माझं काम संपलं. खोल्या भरलेल्या होत्या, मी स्वयंपाकात अडकले. फोनवर विचारलं की उत्तर यायचं, “बरां आसा, जेवता.” काय जेवते, हे मी विचारलं नाही, कारण ते मासे विकणारं घर. तिथे दुसरं काय जेवणार?

एका दुपारी सुरमईचं कालवण घेऊन गेले तेव्हा बहिणीच्या थोरल्या जाऊबाईंनी मला दारातच अडवलं. त्यांना मी वहिनी म्हणते. घरातली सगळी आजारपणं, बाळंतपणं त्यांनीच निस्तरलेली.

“टोपातसून काय हाडलंस?”

“सुरमई.”

“भायर ठेव ता. ओली जखम आसा. मासो खाल्ल्यार पू धरता.”

आत भाची भिंतीला उशा लावून ताठ बसली होती. समोर उकड्या तांदळाची पेज आणि मीठ. गालांवरचं मांस गेलं होतं. ती हळूच म्हणाली, “मावशे, वास तरी हुंगाक दी गो.”

बहिणीला मी बाजूला घेतलं. “डॉक्टर काय बोलले होते?”

“तो घाटावरचो. तेका माशातला काय कळता?” बाजारातली बहीण परत आली होती.

हे पथ्य मी लहानपणापासून बघितलं आहे. टाके पडले की मासे बंद, आणि सुंगटं म्हणजे कोळंबी, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, या तर घरातही आणायच्या नाहीत. भांडण्यापेक्षा मला जाणून घ्यायचं होतं, म्हणून मी वहिनींना विचारलं, तुम्ही स्वतः बघितलंय का असं?

“बघूक नाय? माझ्या भावाच्या पायात पाकटाचो काटो गेललो. चार दिवसांनी सुंगटां खाल्ल्यान, पाय टम्म फुगलो. पू भायर येय ना. मगे कापून काटो काढूचो लागलो.”

“म्हणजे पाकट माशाचा काटा आतच होता?”

“आतच.” मग म्हणाल्या, “पण फुगलो सुंगटां खाल्ल्यावर.”

तेवढ्यात बहिणीने भाचीचा सदरा वर केला, मला टाके दाखवायला. कमरेकडच्या टोकाला जखमेची कड किंचित उघडली होती आणि पट्टीवर पिवळट ओल होती. मी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. लगेच फोन आला: उद्याच घेऊन या. जंतू वरच्यावर असतील तर औषधाने भागेल. आत सळ्यांपर्यंत गेले असतील, तर पाठ पुन्हा उघडून धुवावी लागेल.

वहिनीही आमच्याबरोबर निघाल्या. हातात पेजेचा थर्मास.

डॉक्टरांनी जखम दाबून बघितली, ओल तपासणीला पाठवली, रक्त घेतलं. मग सहज विचारलं, “जेवण कसं आहे?”

“सगळं खाते साहेब,” बहीण म्हणाली.

“पेज,” भाची म्हणाली. “सकाळी पेज, दुपारी पेज. रविवारी पेजेत तूप.”

“आणि तुमचा व्यवसाय काय?”

बहिणीने माझ्याकडे बघितलं. शेवटी मीच सांगितलं, “मासे विकतात.”

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मला त्यांचं अजून बरं वाटतं. वहिनींनी थर्मास मांडीवर घट्ट धरला आणि विचारलं, “सुंगटां खाल्ल्यार पू होता का नाय, ता सांगा.”

“नाही होत. तुम्ही मासा नीट शिजवता ना?”

“आमका शिकवतास?”

“मग द्या. जखम भरायला माल लागतो. पेजेत तो फारसा नाही.”

“मगे ह्यां पेजेन झालां?”

हा प्रश्न माझाच होता. मी विचारायच्या आत त्यांनी विचारला. डॉक्टर म्हणाले, तसं छातीठोक सांगता येणार नाही. घामाने होतं, नशिबाने होतं, चांगलं खाणाऱ्यालाही होतं. पण हिचं वजन उतरलंय आणि रक्तही कमी असावं असं दिसतंय, ते तरी आपण सुधारू.

रिपोर्ट येईपर्यंत आम्ही त्याच शहरात एका ओळखीच्यांकडे राहिलो. वहिनींनी तिथल्या बाजारातून बांगडे आणले. ‘मेलेले मासे’ म्हणून नाक मुरडत स्वतः साफ केले, स्वतः तळले. भाचीला खाली वाकता येत नव्हतं, म्हणून ताट डब्यावर ठेवून उंच केलं. ती ताठ बसून बोटांनी काटे चाचपत खात होती. वहिनी तिच्या पाठीकडे बघत होत्या, जणू आत्ताच काही होईल.

काही झालं नाही. रक्त कमी निघालं, पण जंतू वरचेच होते. औषध चालू केलं, पट्टी रोज बदलली. पुढच्या तपासणीला ओल थांबलेली आणि कड मिटत आलेली. पाठ पुन्हा उघडायची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बहीण खुर्चीतच बसून राहिली, ‘हो साहेब’सुद्धा म्हणाली नाही.

मी उरलेला प्रश्न विचारून घेतला: उंची किती वाढायची बाकी आहे? थोडी, ते म्हणाले. दर काही महिन्यांनी एक्स-रे काढून सळ्यांच्या खालचे मणके बघत राहू.

जिन्यात भाचीने वहिनींना विचारलं, “आता सगळा खाऊ ना?”

“खा. बांगडो खा, मोरी खा, सुंगटांपण खा,” वहिनी म्हणाल्या. “तिसऱ्यो मात्र नाय. ता डॉक्टरांका इचारूक इसारलंय.”