मामांचा बसलेला घसा

सोमवारी सकाळी मी कळंबच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात मामींचा फोन आला. "बाळू, तुझे मामा बोलंनात रे," एवढंच त्या म्हणाल्या. आणि मी... सांगायलाही कसंतरी वाटतं... हसून विचारलं, "आता कुणाला उभं करायचं ठरवलंय?" पलीकडून मामींचा हुंदका ऐकू आला, आणि अर्धं वर गेलेलं शटर माझ्या हातून सुटलं.

मी असं का विचारलं, हे आमच्या मंडळीत कुणालाही विचारा, कुणीही सांगेल. येरमाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचे मामा पाळक होते, तेही माझ्या डोक्यावर केस होते तेव्हापासून. दिसायला उंच, आवाज असा की उपदेश सुरू झाला की रस्त्यापलीकडचा चहावाला स्टोव्ह बारीक करायचा. पण वर्षातून चार-सहा वेळा, शनिवारी संध्याकाळी, या दणकट माणसाचा घसा बसायचा. एप्रिलच्या उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून, हातात खडीसाखर घेऊन मामा कुणाच्या तरी दारात उभे राहायचे आणि खरखरत्या आवाजात म्हणायचे, "उद्याचं तेवढं तुमी सांभाळा. मला काय जमंना." ज्याच्या दारात मफलर आला, त्याची ती रात्र संपली. आणि रविवारी तो माणूस उपदेशाला उभा राहिला की मामा शेवटच्या सतरंजीवर मांडी घालून, घशाचं दुखणं पार विसरून, सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणायचे.

सुरुवातीला हा मफलर माझ्याही दारात आला होता. सख्खा भाचा, पदवीधर, मामांना आशा असणार. मी योनाची गोष्ट निवडली. योना माशाच्या पोटात गेला इथपर्यंत ठीक चाललं होतं; पण त्याला बाहेर कसा काढायचा ते मला आठवेना, आणि माझा उपदेश त्याच्यासकट आतच राहिला. पुढच्या आठवड्यात मामा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळू, तू सतरंज्या लई नीट घालतोस." तेव्हापासून मी मंडळीच्या सतरंज्या सांभाळतो. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांमध्ये माझं नाव आहे तेही त्याच जोरावर.

मग रूथ आली. तेर गावची मुलगी, आमच्या मंडळीतल्या विजयची बायको, शिवणकाम करणारी. उंची इतकी कमी की गर्दीत फक्त तिचा आवाज सापडायचा. रविवारच्या शाळेत ती पोरांना मार्था आणि मरीयेची गोष्ट सांगत होती आणि मामा खिडकीबाहेर चपला हातात घेऊन ऐकत उभे होते. "मरीया बसली येशूचं ऐकत, आन् मार्था आत भांडी आपटत होती. मार्थाला काय ऐकायचं नव्हतं? तिलाबी ऐकायचं होतं. पण चुलीवरचं उतू गेलं असतं तर शिव्या कुणी खाल्ल्या असत्या?" पोरं हसत होती. मामा हसत नव्हते. ते नुसते बघत राहिले होते... त्याच शनिवारी त्यांचा घसा बसला.

रूथचा पहिला उपदेश झाला आणि बायकांच्या बाजूला कितीतरी वेळ पदर डोळ्यांना लागलेले होते. मामांनी तिचं कौतुक केलं नाही, चूकही काढली नाही. ईट गावात कुणाच्या घरी प्रार्थना असली की ते विजय आणि रूथला सोबत न्यायचे, आणि परतीच्या वाटेवर तिला तिच्या उपदेशाबद्दल एकच प्रश्न विचारायचे: "सांग बरं, लोकं कुठं खाली बघाय लागली?" ती आठवून सांगायची. मामा नुसते "हं" म्हणायचे. पुढच्या वेळी ती जागा आलेली नसायची. माणूस घडवायची ही रीत मी त्यांच्याखेरीज कुणाकडं बघितली नाही. मोठ्या शहरांतले पाळक मी पाहिलेत. हाताखालचं कुणी चांगलं बोलायला लागलं की त्याला चहापाण्याच्या व्यवस्थेवर घालतात. मामांना उलट रूथ बोलायला लागली की आनंद लपवता येत नसे. बसल्या बसल्या गुडघा हलायचा त्यांचा.

पण एक गोष्ट मला तेव्हापासून टोचत होती. आमचे सगळ्यांत ज्येष्ठ वडीलजन म्हणजे दानिएलअण्णा. मनानं चांगले, पण जुन्या वळणाचे. ते एकदा मामांना म्हणाले, "पाळकसाहेब, बायामाणसाला सारखं सारखं उभं करता व्हय?" मामांनी चटकन मफलर सारखा केला. "सारखं कुठं अण्णा? घसा बसला म्हणून आपलं." अण्णांचं समाधान झालं. दाराशी रूथ उभी होती. ती पुढं आली आणि सरळ विचारती झाली, "साहेब, तुमचा घसा चांगला असताना मला कधी बोलावणार?" मामा हसले आणि खोकले. त्यांना भांडण नको होतं. एवढीशी मंडळी, दोन घरं रुसली तर अर्ध्या सतरंज्या रिकाम्या. मला त्यांची काळजी कळत होती. तरी तिचा चेहरा बघून वाटलं, मामा, आता तरी सरळ सांगून टाका...

शेवटच्या शनिवारी ते दुकानावर आले. मफलर होता. म्हणाले, "बाळू, बरं वाटंना रे." मी म्हणालो, "व्हय व्हय, कळलं." अख्ख्या गावाला कळलं होतं. रूथनं मनापासून तयारी केली, रविवारी फार सुंदर बोलली. मामा आले नाहीत, तेव्हा आम्ही म्हटलं, या वेळी सोंग चांगलंच वठवलंय. सोमवारी मामा गेले. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदयाचं होतं, आधी कळून फार काही झालं असतं असं नाही. आम्ही ते वाक्य धरून बसलोय. दुसरं धरायला काही नाही.

मातीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात वडीलजनांची बैठक बसली. नवे पाळक नेमून येईपर्यंत उपदेश कुणी करायचा? मी रूथचं नाव घेतलं. अण्णा म्हणाले, "ती तर त्यांच्या जागी बदलीवर होती की. पाळकसाहेबांनीच मला सांगितलंय, घसा बसला म्हणून." त्यांचं खोटं नव्हतं. मामांनीच सांगितलं होतं.

मी रूथकडं गेलो. मशीनवर कुणाचातरी ब्लाउज होता, तिनं मान वर केली नाही. "दादा, मला कुणी नेमलंच न्हाय. त्यांचा घसा होता तवर मी होते. आन् त्या दिवशी ते खरंच आजारी होते, आन् मी खूष होऊन नवी साडी नेसले होते." तिनं पायानं मशीन सुरू केली. त्यानंतर दोन रविवार आम्ही नुसतं शास्त्रवाचन करून घरी आलो. ती पोरांच्या मागं भिंतीला टेकून बसायची. मला झोप लागेना. मामांनी इतक्या वर्षांत आम्हाला एकच तर माणूस घडवून दिलं होतं, आणि ते आमच्या डोळ्यांदेखत भिंतीचा भाग होत चाललं होतं.

सूचना वाचायचं काम माझं. तिसऱ्या रविवारी मी उभा राहिलो. म्हणालो, "पुढच्या रविवारचा उपदेश रूथताई करतील."

अण्णा पहिल्या ओळीतून म्हणाले, "का? कोण आजारी हाय?"

"कुणी न्हाय, अण्णा. सगळे बरे हायेत."

"मग?"

"मग काय... त्यांना देवानं दिलंय. आमच्यात दुसऱ्या कुणाला दिलेलं न्हाय. मला तर मुळीच न्हाय, तुमाला म्हाईत हाय." मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी पुढं म्हणालो, "मामांनी हे उघड सांगायला पायजे होतं. ते ऱ्हायलं. म्हणून मी सांगतोय."

अण्णा छताकडं बघत बसले. मग बायकांच्या बाजूनं मामींचा आवाज आला, पांढऱ्या साडीतून, चिडलेला. "आता आमेन म्हणता का मी येऊ तिकडं?"

आमेन आलं. जेवढं आलं तेवढं.

बुधवारी अण्णा चर्चमध्ये आले, हातात करवत घेऊन. ते माझ्याकडं न बघता उपदेशाच्या लाकडी पुलपिटापाशी गेले. पुलपिट मामांच्या उंचीला बेतलेलं. रूथ आजवर त्याच्या शेजारी, जमिनीवर उभी राहून बोलायची. मागं उभी राहिली असती तर नुसता भांग दिसला असता. अण्णांनी तिला बोलावून घेतलं. "हिकडं उभी ऱ्हा. सरळ." तिच्या छातीच्या उंचीला लाकडावर बोट टेकवून खूण केली, आणि मला म्हणाले, "धर." मी वरची फळी धरली. मामा बोलताना दोन्ही तळवे जिथं टेकायचे तिथलं पॉलिश पार उडून लाकूड गुळगुळीत झालंय.

"अण्णा, ही फळी कापू नका," मी घाईनं म्हणालो.

"येडाय का तू? खालून कापतोय."

खालून चार पाय कापले. एक पाय थोडा जास्त गेला, कारण तो कापताना करवत माझ्या हातात होती. पुलपिट आता जरा डुगडुगतं. रूथनं पुढं होऊन त्या उडालेल्या पॉलिशवर हात ठेवून बघितले. तिचे तळवे लहान आहेत, दोन्ही बाजूंना जागा उरते.

"रविवारी पडंल का हे?" तिनं विचारलं.

अण्णा म्हणाले, "पडलं तर बाळू धरंल."

उद्या रविवार आहे. मी पुठ्ठ्याची घडी करून त्या पायाखाली घालून आलोय. घरी आल्यावर वाटलं की घडी कमी पडली असेल, म्हणून परत जाऊन बघून आलो.