माधुरीताईंचा दोर

कड्यावरून परतलं की दोर धुवावे लागतात. आमचे दोर माधुरीताईंच्या हेंद्रेपाड्यातल्या गॅलरीत वाळतात आणि खाली आम्ही चहा पीत बसतो. किस्से असेच साठत गेले. दोर वाळून जातात, गप्पा काही संपत नाहीत!

ताई बदलापुरात गणिताचे क्लास घेतात आणि सुट्टीत सह्याद्रीच्या उभ्या भिंती चढतात. मी अंबरनाथच्या एका कंपनीत सुपरवायझर. आणि हरेश, उल्हासनगरचा सिंधी, जीन्सच्या दुकानाचा मालक. आम्ही दोघं ताईंची टीम.

* * *

पहिल्या मोठ्या भिंतीवर मला वाटलेलं, ताई चढतील, आपण आरामात बघू. कसलं काय! वर पोहोचताच त्यांनी दोर पक्का केला आणि इशारा दिला. मी जुमार लावले. म्हणजे दोरावर फक्त वरच सरकणाऱ्या पकडी. वाटेतल्या मेखा काढत मी वर येईपर्यंत ताईंनी दुसऱ्या दोराने सामानाची बॅग खेचून ठेवलेली. माझ्या हातात पाण्याची बाटली, आणि ताई पुढच्या टप्प्याला तयार!

"ताई, दम तर खाऊ द्या!"

"खा ना. मला दोर सोडता सोडता खा!"

* * *

त्याच बॅगेत हरेशच्या आईने कोकी दिली होती. जाड, खरपूस, कांदा घातलेली सिंधी रोटी. हरेशने ती ठेवली तळाला आणि वर पाण्याचे कॅन. बॅग अख्खी भिंत खडकावर आपटत वर आली. उघडली तर कोकीचा पार भुगा!

ताई ओरडल्या नाहीत. चिमटीने खाल्ला आणि म्हणाल्या, "झकास! उद्यापासून पाणी तळाला."

संध्याकाळी हरेशचा आईला फोन, "मम्मी, सबको बहुत पसंद आई. चम्मच से खाई!"

* * *

शिरगावात माझ्या सोसायटीची लिफ्ट बंद, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंचं नवं वॉशिंग मशीन खाली पडून. ताई म्हणाल्या, "चला, प्रॅक्टिस!" गच्चीवर कप्प्या लावल्या. दोर असा फिरवला की ओझं तिसऱ्या हिश्श्यावर आलं. प्रत्येक ओढीनंतर दोर आपोआप अडकायचा, हात सुटला तरी मशीन खाली जायचं नाही.

सेक्रेटरी धावत आले. "परमिशन कोणी दिली?"

तेवढ्यात मशीन त्यांच्या डोळ्यांसमोरून तरंगत वर गेलं. ते मान वर करून बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, परवा आमचा फ्रीज येतोय..."

* * *

एका भिंतीवर मधमाश्यांची पोळी होती, माणसाएवढी. ताईंनी बजावलं, "एक शब्द नाही. दोराला तीन हिसके म्हणजे या." हरेश गप्प राहील यावर माझा विश्वास नव्हता. हा माणूस रिकाम्या दुकानातही बोलतो! पण तीन हिसके आले आणि तो पोळ्यांच्या शेजारून सावलीसारखा सरकत गेला. मी मागोमाग. माश्यांची घूं घूं मला छातीत ऐकू येत होती.

भिंत संपली. पोळी खूप खाली राहिली. हरेशचा चेहरा लालबुंद.

"ताई," तो कुजबुजला, "अब छींकूं?"

* * *

मागच्या हिवाळ्यात चंदेरी किल्ल्याच्या बाजूला सराव करत होतो. एक ट्रेकर घसरून कड्याच्या मधल्या अरुंद कपारीत अडकला. पाय मोडलेला. त्या दिवशी आमच्याबरोबर सई नावाची मुलगी होती. सगळ्यांत हलकी तीच, म्हणून ताईंनी तिलाच खाली पाठवलं. तिने त्याचा पाय काठीला बांधला, त्याला आपल्या हार्नेसशी जोडलं आणि ओरडली, "ओढा!"

वर आम्ही तिघंच. गावकरी धावत आले, "आम्ही पण वढतो, ताई!" ताईंनी हात जोडून त्यांना मागेच थांबवलं. चार जणांनी चार तऱ्हेने ओढलं तर खालची दोघं भिंतीवर आपटतील. कप्प्या, दोर आणि ताईंचा आवाज, "ओढा... थांबा... ओढा..."

मध्येच दोर कड्याच्या धारेवर घासला. कर्रर्र! ताईंनी सगळं थांबवलं. स्वतःची सॅक रिकामी केली, पालथं पडून ती दोराखाली सरकवली. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो कधीच विसरणार नाही.

खालून तो माणूस रडत ओरडला, "अहो, दोर तुटणार नाही ना?"

ताई धारेवरून खाली वाकल्या. शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुमच्या शेजारी लटकलीय ना, ती माझी मुलगी आहे."