सोनूबाईच्या भांड्यातला स्पंज

हरिहरेश्वरजवळच्या कोळीवाड्यात सोनूबाई खडकावरची कालवं फोडून विकायची. पन्नाशी उलटली तरी ओहोटी लागली की खडकांवर पहिली तीच. १९५८च्या डिसेंबरात मुंबईच्या कॉलेजातल्या चित्रेबाई आपल्या विद्यार्थ्यांना समुद्रातले जीव दाखवायला आल्या, तेव्हा वाट दाखवायला गावाने तिलाच पुढे केलं.

तिने खळग्यात अडकलेला जेलीफिश दाखवला, दगडाखालचा पानासारखा चपटा किडा दाखवला, तो बाईंनी सगळ्यांना भिंगातून दाखवला, खेकडे तर हाताला लागतील तेवढे. पण खडकाला चिकटलेल्या नारिंगी स्पंजाला बाई प्राणी म्हणाल्या आणि तिला हसू आवरेना.

"बाई, मासळी साफ करन्यात जन्म गेला माजा. ह्याच्यात काढून टाकायला काय तरी हाय का? ना तोंड, ना आतडं. ह्ये जनावर कसलं?"

स्पंजाचा तुकडा तलम फडक्यात बांधून बाईंनी तो काचेच्या भांड्यात, समुद्राच्या पाण्यात पिळला. तळाशी नारिंगी पूड बसली.

"हे घरी न्या. सावलीत ठेवा, पाणी रोज हलक्या हाताने बदला."

"आत्या, पूड कदी जिती व्हते का?" घरी भांडं बघून सून शकू म्हणाली.

"बगू तरी!"

दुसऱ्या दिवशी पूड दाणेदार झाली. तिसऱ्या दिवशी दाण्याला दाणा लागून बारके गोळे काचेला चिकटले होते. सोनूबाई हातातली भाकर तशीच ठेवून भांडं घेऊन बाई उतरल्या होत्या त्या धर्मशाळेकडे धावली.

"कणाकणात जीव आहे त्याच्या," बाई म्हणाल्या, "पण कामं वाटून घेणारे अवयव नाहीत."

सोनूबाई बोटांवर मोजू लागली. "म्हंजे जेलीफिश ह्याच्या वरचा. त्याला प्वाट हाय, पन खायाचं नि टाकायचं दार येकच. चपट्याचं दार बी येकच, पन तुमच्या भिंगातनं त्याला डोळं दिसलं. खेकड्याला कल्लं निराळं, आतडं निराळं. आन् मासळीला काळीज, पित्त, समदा संसारच!"

विद्यार्थी भराभरा लिहून घेऊ लागले. बाई हसून म्हणाल्या, "महिनाभर फळ्यावर हेच शिकवत होते मी."

पुढची सहा वर्षं दर डिसेंबरात पहिला धडा सोनूबाईचा, खडकावर उकिडवं बसून. नव्या पोरांपुढे खेकडा उलटा धरून ती विचारायची, "सांगा बगू, ह्याच्यातनं काय काय काढाल?" उत्तर चुकलं की तिला फार आनंद व्हायचा, कारण मग सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगता यायचं.